सुचीच्या मापाची पेटी

मी पेटी बोलतेय, आणि जरा घाईत बोलतेय. माझ्याभोवती लाकडी खोकं उभं राहतंय. बाकीच्या बाजू ठोकून झाल्यात, समोरची फळी तेवढी उरली आहे. ती बसली की माझं कोणाला ऐकू जाणार?

पेटी म्हटलं की तुम्हाला भजनातली आठवेल. ती मी नव्हे. मी मॉड्युलर सिंथेसायझरचं कॅबिनेट. म्हणजे असं, की विजेवर आवाज घडवणारी छोटी छोटी यंत्रं असतात. एक सूर काढतं, दुसरं त्याला घासूनपुसून घेतं, तिसरं लांबवतं. वायरींनी एकमेकांना जोडली की त्यांचं वाद्य होतं. या सगळ्या बिऱ्हाडाला घर लागतं, ते घर मी.

मला बांधलं सदाने, मांडव्यापासून आत असलेल्या आमच्या गावात, त्याच्या लेकीसाठी. सदा न्हावा शेवा बंदरात एका गोदामात सुतार होता. परदेशी जाणाऱ्या यंत्रांसाठी खोकी ठोकायची, हे त्याचं काम. यंत्राच्या अंगाबरोबर बसेल असं खोकं करावं तर सदानेच, असं तिथे म्हणायचे. पण खोकं मुक्कामाला पोचलं की पहार घालून फोडतात आणि चुलीत घालतात. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा तो बायकोला, आवडाबाईला म्हणाला, "जल्मभर बांधलं, पन माझं म्हनावं असं एक बी खोकं उभं न्हाय बघ."

लेक सुचिता, घरातली सुची, अलिबागला शाळेत संगणक शिकवते. शाळेतून आली की चहा टाकायच्या आधी त्या यंत्रांपुढे बसायची. तेव्हा ती यंत्रं एका पत्र्याच्या चौकटीत टेबलावर आडवी पडलेली असत. सुची मान मोडून वाकायची आणि उठताना कळवळायची. सदाला ते बघवेना.

त्याने आधी पुठ्ठ्याची पेटी केली. सुचीला खुर्चीत बसवून म्हणाला, "डोळं मिट. आता हात सोड, सहज जाईल तिथं जाऊ दे." हात टेकला तिथे त्याने पेन्सिलने खूण केली. असं कितीतरी वेळा. त्या खुणांवरून मी झाले. खालचा भाग मांडीजवळ, जवळजवळ आडवा. वरचा तिच्या तोंडाकडे झुकलेला आणि किंचित उजवीकडे वळलेला, कारण सुची उजव्या हाताची. मनगट टेकायला कड गोल केली. पाठीला दार, आतली गरमी जायला फटी, वायरी टांगायला खुंट्या. बाजू फणसाच्या, खारी हवा बाधू नये म्हणून तेल पाजलेल्या. खिळा एकही मारला नाही.

काय दिवस होते ते. बुद्धपौर्णिमेला विहारात सुचीने मला वाजवलं. एकच सूर हळूहळू फुलत गेला आणि लोक डोळे मिटून बसून राहिले. सदा मात्र टक लावून माझ्याकडे बघत होता. मीही अंग ताठ करून उभी होते, घमेंड म्हणा हवं तर.

मग अलिबागच्या रस्त्याला एका वळणावर सुचीची स्कूटी घसरली. उजवा खांदा मोडला. ऑपरेशन झालं, व्यायाम झाले, पण हात छातीच्या वर येईना. डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं, आता एवढाच येणार.

घरी आल्यावर ती माझ्यापुढे बसली. खालची बटणं हाताशी आली, वरच्यांकडे जाताना हात अर्ध्यातच अडला. डाव्या हाताने करून पाहिलं, तर मी उजवीकडे वळलेली. उंच खुर्ची आणली, तर तिचे गुडघे मला अडायला लागले. एकीच्या मापाने शिवलेलं झंपर दुसरीला होत नाही, तशी मी माझ्याच सुचीला होईनाशी झाले.

मग माझ्यावर चादर पडली. माणसांचं एक असतं, सपाट जागा दिसली की तिच्यावर काही ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आवडाबाईने माझ्या डोक्यावर आधी इस्त्रीचे कपडे ठेवले, मग पापडाचा डबा, मग केळ्यांचा घड. सुची जेवायला बसली की तिची बोटं ताटाच्या कडेवर नसलेली बटणं फिरवत असायची. ते बघून माझा जीव तुटायचा.

खरं तर उपाय साधा आहे. मला कमरेत कापायचं आणि वरचा भाग उतरवून खालच्याच्या शेजारी आडवा बसवायचा. सगळी बटणं छातीच्या खाली येतात. हे सदा आणि सुची, दोघांनाही कळलंय आणि दोघंही तोंड उघडत नाहीत.

सुची व्यायामाला गेली होती तेव्हा सदा करवत घेऊन आला. चादर काढून त्याने माझ्या कमरेवर रेघ ओढली. करवतीचे दात मला लागलेसुद्धा. तिथेच तो थांबला. "न्हाय. ही येक तरी ऱ्हाऊ दे," असं स्वतःशीच म्हणाला. थुंकी लावून अंगठ्याने रेघ पुसली आणि करवत पलंगाखाली सारली.

आणि सुची? मुंबईला तिचा विपुल नावाचा मित्र आहे, तोही असलंच वाद्य वाजवतो. त्याला ती फोनवर सांगत होती, "कापली तर वाजवता येईल रे मला. पण बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? त्यांची सगळी खोकी लोकांनी फोडली, आता मीही फोडू? त्यापेक्षा तू ने. तुझ्याकडे अख्खी तरी राहील."

सदाला मात्र ती म्हणाली, "बाबा, मला आता तो नादच राहिला नाही."

"व्हय," सदा म्हणाला. "तुला नको, तर पडून कशाला ऱ्हायची?"

दोघं एकमेकांना जपत बसले आणि मधल्यामध्ये मी चालले.

आज विपुल आलाय. टेंपो दारात आहे, मांडव्याहून गाड्यांसकट मुंबईला नेणारी रो-रो बोट गाठायची आहे. माझ्या पोटातली यंत्रं काढून कागदात गुंडाळली. पेटी अशीच टेंपोत घालू, विपुल म्हणाला, तर सदाला पटेना. "बोटीत धक्का लागंल. खोकं करतो." हाताची सवय ती.

"काका, एक बोलू का?" असं विपुलने मघाशी म्हटलं होतं. सुचीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो फोनमध्ये बघायला लागला.

आत्ता समोरच्या फळीला हात लावायला सुची पुढे आली. सदा म्हणाला, "जरा वर धर." तिने उचलली आणि फळी छातीशी येऊन थांबली. सदाने त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "खिळं संपलं," म्हणाला आणि परसात गेला. खिळ्यांचा डबा भरलेला आहे, मला इथून दिसतोय.

ऐकताय ना? माझा आवाज कागदात गुंडाळून ठेवलाय, पण तुम्हाला तोंड आहे. सदा परत यायच्या आत कोणीतरी त्याला सांगा. म्हणावं, अख्खी राहिली तर ही पेटी मरेल. हिला फोडायचं नाहीये, पुन्हा मापाला घ्यायचंय. लेकीला परत खुर्चीत बसव, डोळे मिटायला सांग, आणि तो हात जिथवर जाईल तिथे नवी खूण कर.

करवत पलंगाखालीच आहे.