दोलोन खिंडीतली वाफ

मेदेतला जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्याची जुनी निवा गाडी दोलोन खिंडीतल्या त्याच एका वळणावर उकळायची.

त्याची बायको आइसालकिन सुईण होती. खिंडीपलीकडच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला तिला जावंच लागे. ऑक्टोबरात ती तिसऱ्यांदा गाडी घेऊन कोचकोरला इसाबेकच्या गॅरेजात आली. इसाबेक मेदेतचा शाळेपासूनचा दोस्त. ही गाडी वीस वर्षं त्याच्याच हाताखालून गेलेली.

"बायके, हसू नका," ती म्हणाली. थोरल्या भावाला म्हणतात तसं ती त्याला बायके म्हणे. "तोच थांबवतो मला तिथे. काटा लाल खुणेवर जातो, वाफ निघते, मी गाडी बंद करते. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू."

"मेलेल्या माणसाला दुसरे उद्योग नाहीत का गं?" इसाबेक म्हणाला खरा, पण त्याला मेदेत गेला तो दिवस आठवला. त्या मार्चमध्येही गाडी तिथेच उकळली होती. मेदेत बॉनेट उघडं टाकून, डबा घेऊन ओढ्यावर पाण्याला उतरला आणि वरून बर्फाचा लोट आला. गाडीला साधा ओरखडा नव्हता.

इंजिन थंड झाल्यावर इसाबेकने रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी काठोकाठ. गाडी चालू केली तरी बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. थर्मोस्टॅट काढून उकळत्या किटलीत टाकला. तो शहाण्यासारखा उघडला. पंप गळत नव्हता, पट्टा ताठ होता. सगळं जोडून तासभर गाडी जागेवर चालवली. काटा ढिम्म.

"इथे कशी तापेल?" आइसालकिन हळूच म्हणाली. "इथे तो नाही ना."

या आधी दोनदा त्याने गाडी इथूनच परत दिली होती. या खेपेला म्हणाला, "उद्या सकाळी वर जाऊ. मी चालवतो."

सकाळी खिंडीत धुकं होतं. चढाला गाडी खालच्या गिअरमध्ये कण्हत होती. काटा जागच्या जागी होता, तेवढ्यात आइसालकिन म्हणाली, "आता."

आणि काटा चढायला लागला. इंजिनची उष्णता ओढून घ्यायला इसाबेकने हीटर पूर्ण सोडला, तोंडावर गरम झळ आली. तरी काटा उतरेना. वळणावर त्याने गाडी कडेला घेतली, पण इंजिन चालूच ठेवलं. बॉनेट उघडून ओरडला, "माझ्या जागी बस. अ‍ॅक्सिलरेटर दाब. अजून दाब!"

इंजिन गरजलं, तसा रेडिएटरकडून पंपाकडे जाणारा खालचा रबरी पाइप आत ओढला गेला. म्हाताऱ्याच्या गालासारखा चपटा. तिने पाय काढला, तो पुन्हा फुगला.

"बंद कर," इसाबेक म्हणाला. त्याने फडक्याने धरून पाइप दाबून पाहिला.

चढावर इंजिन जोरात फिरलं की पंप पाइपला चिपाडासारखं चोखत होता, पाणी अडत होतं. असा पाइप चपटू नये म्हणून आत तारेची स्प्रिंग असते. यात नव्हती. असणार कशी? पाइप दुसऱ्याच गाडीचा होता. त्यानेच कापून बसवला होता, मेदेत जायच्या आदल्या शरदात. "चालतंय रे," म्हणाला होता, आणि मेदेत हसला होता.

गाडी निवायला तास गेला. त्याने सोबत आणलेल्या सुट्या भागांतून स्प्रिंगवाला नवा पाइप काढून घातला, पाणी भरलं, हवा काढली. हात पुसून मग सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही.

आइसालकिन ओढ्याकडे वळली.

"माहीत होतं तुम्हाला?"

"नव्हतं. शोधायला हवं होतं, ते शोधलं नाही."

"दोन वर्षं मी इथे बसून त्याच्याशी बोलायचे, बायके. तोच थांबवतो म्हणून." ती स्टिअरिंगमागे बसली. "तुम्ही चालत खाली जा."

गाडी न तापता खिंड चढून गेली. इसाबेक धुक्यात एकटाच उरला. थोड्या वेळाने त्याला ऐकू आलं: जवळच कुठेतरी तापल्या रेडिएटरमध्ये पाणी खदखदत होतं, आणि ओढ्याच्या दिशेने डब्याची कडी वाजत खाली खाली चालली होती.

"मेदेत! नको जाऊस रे!" तो ओरडला. आवाज थांबला नाही. तो वळणभर धावला. रस्ता कोरडा होता, गाडी नव्हती. पुढे एका ट्रकवाल्याने त्याला खाली आणून सोडलं.

तीन आठवड्यांनी आइसालकिन तेल बदलायला आली. चहा पुढे केला तर तिने घेतला.

"काटा हलत नाही आता," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला काही ऐकू आलं?"

"डब्याची कडी."

"हं," ती म्हणाली. "मला अजून ऐकू येते."