दोन ओळींतली एक

तलवाड्याच्या पेठेत बद्रीनाथाचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक किती कापड घेणार, हे तो पायरी चढायच्या आतच ओळखायचा. स्वतःची हौस मात्र त्याला कधी मापता आली नाही, आणि ती हौस होती बातम्या पाठवण्याची. निजामाच्या मुलखात छापायला परवानगी मिळायची मारामार, म्हणून साप्ताहिक नगरहून यायचं. ते बाजाराच्या दिवशी पारावर मोठ्यानं वाचायचं कामही त्याचंच. गावात वाचणारे मोजके, ऐकणारे सगळे.

यावेळी त्यानं मोहनराव पाटलांवर लिहिलं होतं. तहसीलदाराच्या मुक्कामाच्या नावाखाली पाटील धनगरांच्या बकऱ्या फुकट नेतात आणि निम्म्या आपल्याच गोठ्यात बांधतात. इथंच थांबला असता तर! पण तोंडी लावायला म्हणून त्यानं शेवटी एक ओळ टाकली: पाटलांची लेक केशरबाई हिला नवऱ्यानं टाकलं आहे. त्यानं ते वाचलं तेव्हा पारावरचे सगळे खदखदून हसले होते.

दुसऱ्या दिवशी पाटील दुकानात येऊन गादीवर टेकले.

"येत्या बाजारी पारावर सांग, समदी बातमी खोटी. मग मी अब्रूनुकसानीची फिर्याद करत न्हाई. वकील म्हणतो, लेकीच्या ओळीवरच तू आत जाशील."

वकील बरोबर म्हणत होता, हे बद्रीनाथालाही कळत होतं.

पाटील गेले आणि संध्याकाळी केशरबाईच आली.

"खण दाखवू का, अक्का?" बद्रीनाथ गडबडला.

"खण नगं. माझं का म्हून छापलं, ते सांगा."

"खोटं हाय का?"

"खरं हाय. म्हणून पाराचं झालं का? आबांनी लोकांच्या बकऱ्या नेल्या, ते लिहा, लई लिहा. माझ्या संसारानं कुणाचं काय नेलं?"

"पुढच्या अंकात माफी छापतो."

"छापलेलं कोण वाचतंय, शेठ? ज्या तोंडानं पारावर वाचलं, त्याच तोंडानं परत घ्या."

माणसं मापणाऱ्या बद्रीनाथाला आज कुणीतरी मापलं होतं, आणि तो तोकडा भरला होता.

बाजाराच्या दिवशी तो पारावर उभा राहिला. पाटील समोरच बसले होते.

"केशरबाईंचं जे वाचलं, ते छापायचा मला हक्क नव्हता. ती त्यांच्या घरची गोष्ट. मी हसवलं, तुम्ही हसलात. मी माफी मागतो."

"आता पुढचं म्हण," पाटील मिशीवर हात फिरवत म्हणाले.

"म्हणतो. बकऱ्यांची ओळ खरी आहे. त्यातलं एक अक्षर मागं घेत नाही."

पाटील ताडकन उठले. "लेकीच्या ओळीचा गुन्हा तर भर बाजारात कबूल केलास बे! आता मला साक्षीदारबी नगं."

"तुम्हाला नको, पण मला हवेत. सटवा, बकऱ्या कुणी नेल्या?"

सटवा धनगरानं आधी जमिनीकडे पाहिलं, मग पाटलांकडे.

"पाटलांनी," तो अखेर म्हणाला. "माझ्या दोन नेल्या. अन् हरिबाची गाभण व्हती, तीबी."

या खेपेला कुणी हसलं नाही.

पाटील घोड्यावर बसून गेवराईच्या अदालतीच्या वाटेला लागले. बद्रीनाथानं दुकानाला कुलूप घातलं.

"सटवा, हरिबालाबी हाक मार. आपल्यालाबी तिकडंच जायचंय."