अंदमानचा सहा वितींचा मासा

मेलेला मासा वाढत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या जोतीराम हवालदारांचा मासा मात्र वाढत होता.

तो त्यांनी एकोणसत्तर साली अंदमानात, पलटणीत असताना, खडकावर बसून गळाने धरला होता आणि त्याच दिवशी खाल्लाही होता. पेन्शन घेऊन ते रहिमतपुरात आले तेव्हा मासा चार वीत होता. थोरल्या मुलीच्या लग्नात तो पाच वितींवर गेला. शहाण्णव साल उजाडलं तेव्हा पुरा सहा वीत भरला, आणि तोही शेपूट सोडून.

ही वाढ होत असे भाऊसोच्या पिठाच्या गिरणीत. पट्टा फिरतोय, पीठ उडतंय, आणि हवालदार दोन्ही हात फाकून मधल्या मोकळ्या जागेत मासा दाखवताहेत. ऐकणारे मान डोलवायचे. मग दळणाचा डबा घेऊन बसलेल्या लीलाबाई, म्हणजे हवालदारांच्या सौभाग्यवती, डब्याचं झाकण लावत शांतपणे म्हणायच्या, "मी न्हवते बाई तिथं."

झालं. सगळी गिरणी हसायची. चार शब्दांत सहा वितींचा मासा पुन्हा समुद्रात.

शेवटी जानेवारीत भाऊसोनेच तोड काढली. "हवालदार, समिंदर काय लय लांब न्हाई. घाट उतरला की आला. एक मासा धरा, वहिनींच्या डोळ्यादेखत. ह्यो माझा काटा न्या, त्येला टांगा आन् किलो किती भरलं तेवढं मला येऊन सांगा." असं म्हणून त्याने पोती तोलायचा स्प्रिंगचा काटा हवालदारांच्या हातात दिला.

हवालदार ताठ उभे राहिले. "मंजूर!"

कृष्णातची ट्रॅक्स ठरली. माणसं चार: हवालदार, लीलाबाई, गाडी चालवायला कृष्णात, आणि मी. मी का, तर मी कोणाच्याच बाजूचा नाही असं गावाचं मत आहे. पोस्टात तीस वर्षं काढल्यावर माणसाबद्दल असं मत होतं.

कुंभार्ली घाट उतरताना लीलाबाईंचा डोळा लागला. हवालदार माझ्याकडे सरकले.

"तात्या, गावानं न्हाई म्हटलं तर मी मोजत न्हाई. गावाला काय, हसायला पायजेच की. पर घरचं मानूस शेजारी बसून म्हनतंय, मी न्हवते तिथं. पंचवीस वर्सं!" ते खिडकीबाहेर बघू लागले. "एकदा तिनं म्हनावं, व्हय, आमच्या ह्येंनी धरला व्हता. मग मी गिरनीत तोंड उघडनार न्हाई. शप्पत."

मी म्हणालो, "दळणाला तरी जाल का?"

ते हसले नाहीत. तेव्हा मला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

गुहागरच्या बाजारात लीलाबाई जाग्या झाल्या, गाडी थांबवायला लावली, आणि अर्धा डझन ताजे बांगडे घेऊन आल्या.

"हे कशाला?" हवालदार.

"कालवनाला."

"अगं, आपन मासं धराय चाललोय!"

"व्हय. म्हनूनच घ्येतलं."

गुहागरच्या पुढे एका गावाशी रस्ता संपला आणि खडक सुरू झाला. काळा कातळ, उन्हाने तव्यासारखा तापलेला. जानेवारीतसुद्धा पाय ठेववत नव्हता. समुद्र ओहोटीला लागून आत गेला होता. हवालदारांनी छातीत वारा भरून घेतला. "बास! हुबेहूब अंदमान!" त्यांनी डोळे बारीक करून जागा हेरली आणि पाण्याजवळच्या एका सपाट खडकावर सामान मांडलं: जेवणाची पिशवी, थर्मास, पलटणीतले बूट, आणि भाऊसोचा काटा. आमच्या कृष्णेच्या डोहावर जानेवारीत सकाळी पाणी जिथे असतं तिथेच ते संध्याकाळी असतं. सामान कुठे ठेवावं हा विचार आम्ही जन्मात केलेला नव्हता.

गळाला लावायला हवालदारांनी घरून गोळे आणले होते. शेंगदाण्याची पेंड, ज्वारीचं पीठ, गूळ आणि हिंग. याच्यावर डोहातला रोहू जीव टाकतो. नायलॉनच्या तंगुसाची दोरी, शिशाचं वजन, गळ, गोळा. हवालदारांनी डोक्यावर दोन गिरक्या देऊन दोरी फेकली. तिचं दुसरं टोक एका सुळक्याला बांधलं, मधली दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळली, तिच्यात बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू ओवलं आणि ते आडवे झाले. ही आमची डोहावरची पद्धत. मासा लागला की अंगठ्याला हिसका बसतो आणि घुंगरू वाजतं. तोवर माणसाने झोपावं, भाकरी खावी, राजकारणावर बोलावं.

शेजारच्या खडकावर एक म्हातारेबाबा बाटलीला दोरी गुंडाळून गळाने मासे गरवत होते. ते बराच वेळ आमच्या गोळ्यांकडे बघत राहिले.

"घाटावरचे काय तुम्ही?"

"सातारा जिल्हा," हवालदार पडल्या पडल्या म्हणाले.

"तरीच. इथला मासा गोड खात नाय. आणि ते सामान वर घ्या. पाणी भरतंय आता."

"बाबा, आमीबी पान्याकाठचीच मानसं हाय."

बाबांनी खांदे उडवले.

दोन तास गेले. घुंगरू एकदा वाजलं, पण ते हवालदारांनी अंगठा खाजवला म्हणून. दोरी ओढावी तर गळ स्वच्छ धुतलेला. गोळे विरघळत होते आणि अरबी समुद्राला थोडा थोडा गूळ मिळत होता. कृष्णात गाडीत झोपला. हवालदारांचा चेहरा हळूहळू उतरू लागला. सहावा गोळाही गेला तेव्हा त्यांनी दोरी गुंडाळायला घेतली आणि लीलाबाईंकडे बघायचं टाळलं.

लीलाबाई उठल्या. मला वाटलं, आता चार शब्द येणार. त्यांनी विळी काढली, एका बांगड्याचा तुकडा केला आणि नवऱ्यासमोर धरला.

"घ्या. ह्यो लावा."

"कालवनाचा हाय न्हवं त्यो?"

"पाच हायती अजून. आवं, त्या बाबाच्या गळाला बी असलंच कायतरी दिसतंय. टाका बगू."

हवालदारांनी तो तुकडा गळाला लावला, दोरी फेकली आणि पुन्हा अंगठ्याला गुंडाळली. पाच मिनिटं झाली असतील. लीलाबाई एकदम ओरडल्या, "आवं! पिशवी पोहतीया!"

खरंच पोहत होती. सपाट खडकाच्या जागी आता पाणी होतं, आणि त्यावर आमची पिशवी, थर्मास आणि एक बूट संथपणे मुंबईच्या दिशेने निघाले होते. हवालदारांनी अंगठ्याचा फास काढला, लीलाबाईंच्या अंगठ्यात अडकवला, म्हणाले, "दोन मिंटं संभाळ. ड्यूटी बदली!" आणि पाण्यात उडी घेतली.

लीलाबाईंनी लुगडं सावरून पाय पुढे केला. "काय तर मेलं खूळ," असं काहीतरी त्या म्हणत होत्या. वाक्य पुरं झालं नाही.

घुंगरू एकदा वाजलं. मग सलग वाजलं. मग दोरीवरून घसरत पाण्यात गेलं आणि वाजायचं थांबलं, आणि लीलाबाईंचा उजवा पाय आपोआप समुद्राकडे सरळ झाला.

"भावजी! मला कोन वडतंय!"

"मासा!" मी ओरडलो. "मासा लागलाय!"

"ह्यो मासा न्हाई, रेडा हाय!"

त्या बसल्या जागी हातभर पुढे घसरल्या. पुढच्या क्षणाला त्यांनी काय करावं? पाय आखडून अंगठा सोडवला, पदर दोन्ही हातांना गुंडाळला, त्यावरून दोरी घेतली, एका खडकाला टाच लावली आणि उभ्या राहिल्या. मी मागे दोरीचं टोक घट्ट धरलं. ते आधीच सुळक्याला बांधलेलं होतं, त्यामुळे माझी मदत किती झाली ते सांगता येत नाही.

"खडकाच्या बिळात शिरू देऊ नका!" म्हातारेबाबा आपली बाटली टाकून धावत आले. "गोबरा मासा आहे! बिळात गेला की संपलं! ओढा!"

कमरेइतक्या पाण्यात, एका हातात पिशवी आणि काखेत थर्मास धरून उभे असलेले हवालदार गरजले, "ढील दे! ढील दे! आता खीच! डावीकडं, डावीकडं!"

"तुमी गप ऱ्हावा!" लीलाबाई त्याहून मोठ्याने गरजल्या.



आणि मग त्यांनी ओढायला सुरुवात केली. विहिरीवरून पाणी शेंदतात तसं. एक हात वर, एक हात खाली, कमरेतून मागे झुकून. मासा जोर लावायचा तेव्हा त्या पदरातून दोरी सरकू द्यायच्या. तो दमला की दुप्पट ओढून घ्यायच्या. चाळीस वर्षं आडाचं पाणी काढलेल्या हातांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. अंबाडा सुटला, कपाळावरून घाम गळायला लागला, आणि त्या मोठमोठ्याने माशाशी बोलत होत्या. "कुठं जातूस? आं? कुठं जातूस? तुज्या आयला तुज्या! ये! ये माझ्या राजा!"

पाण्यात एक तपकिरी पाठ वर आली. ठिपके ठिपके. तोंड एवढं, की आत तांब्या मावावा.

"आगायायाया!" मी. एरवी मी असं बोलत नाही.

लाट आली, मासा खडकावर आपटला, आणि लाट मागे फिरताना दोरी कडकडली. आता तुटणार! तेवढ्यात हवालदारांनी पिशवी सोडली, थर्मास सोडला आणि माशावर अंग झोकून दिलं. एक हात माशाच्या कल्ल्यात, दुसऱ्या हाताने खडक. पुढची लाट दोघांनाही एकदमच वर घेऊन आली. मासा आणि हवालदार लीलाबाईंच्या पायाशी येऊन पडले. दोघेही तोंड उघडून धापा टाकत होते.

म्हातारेबाबांनी टाळ्या वाजवल्या. गाडीतून उठून आलेल्या कृष्णातने कारण न विचारता शिट्टी मारली.

"काटा!" हवालदार उठून बसत म्हणाले. "तात्या, काटा आना!"

सपाट खडकावर आता कमरभर पाणी होतं. भाऊसोचा काटा पोहणाऱ्यांतला नव्हता.

तेव्हा लीलाबाई गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी मासा विती टाकून मोजला. शेपटासकट. साडेतीन. पुन्हा मोजला. साडेतीन. पदराच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि अंगठ्यावर दोरीचा लाल वळ उमटला होता. त्यांनी माशाच्या पाठीवरून हात फिरवला.

"आवं," त्या हळूच म्हणाल्या. "त्यो अंदमानचा... ह्येच्याहून मोठा व्हता?"

हवालदारांनी समुद्राकडे बघितलं. पंचवीस वर्षं त्यांनी हा प्रश्न विचारला जावा म्हणून वाट बघितली होती. त्यांनी ओल्या मिशा पुसल्या.

"न्हाई," ते म्हणाले. "एवढाच. जरा बारीकच असंल."

"एकल्यानं धरला?"

"एकल्यानं."

लीलाबाईंनी उरलेल्या पदराने नवऱ्याचं डोकं पुसलं. खसाखसा, लहान मुलाचं पुसतात तसं.

मासा रहिमतपुरापर्यंत टिकला नसता. म्हातारेबाबांच्या अंगणात त्याचं कालवण झालं, त्यांच्या आख्ख्या वाडीला पुरलं, आणि बांगडे तसेच उरले.

दुसऱ्या दिवशी गिरणी गच्च भरली होती. भाऊसोने पट्टा बंद केला. हा मान गिरणीत यापूर्वी फक्त वीज गेल्यावर मिळत असे.

"बोला हवालदार. किती भरला?"

हवालदार एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात उरलेला बूट घालून उभे होते. का ते मला माहीत नाही. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शपथ आठवली असावी.

"वहिनी," भाऊसो वळून म्हणाला, "तुमी तरी खरं सांगा."

लीलाबाईंनी दळणाचा डबा खाली ठेवला.

"मी व्हते की तिथं!" त्या म्हणाल्या. "ह्येंनी समिंदरात उडी घ्येतली, कल्ल्यात हात घातला आन् भाईर काढला. अंदमानात काढलावता तसाच."

"व्हय, पर केवढा?"

लीलाबाईंनी दोन्ही हात फाकले. पुरेपूर. एका हाताला भिंत लागली, दुसऱ्याला चाळणीचा खांब. त्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघून त्यांनी नाराजीने मान हलवली.

"आवं, असं काय बगताय? जरा हिकडं या. तुमचाबी हात धरा फुडं."

हवालदार शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात लांब केला. लोकांना मागे सरकावं लागलं.

भाऊसोने माझ्याकडे बघितलं. गिरणीतल्या सगळ्यांनीच बघितलं.

मी जे खरं होतं तेच सांगितलं.

"काटा वाहून गेला," मी म्हणालो.