अखंड ज्योत आणि सोनाबाईंची बॅटरी

ज्या गावात देवीची ज्योत अखंड तेवते, त्या गावावर कधी अंधार येत नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत ती शिमग्यापासून तेवते आहे, आणि तेव्हापासून दुपारी दोनच्या आत अख्ख्या वाडीचे फोन काळे पडू लागले.

कारण ज्योत फोनमध्ये आहे. वाडीच्या मुंबई मंडळाने जननीदेवीची वेबसाइट काढली. पान उघडले की देवी सावकाश फिरते, पुढे ज्योत हलते, भिंतीवर सावली डुलते. पान मागे सारून लोक क्रिकेट बघतात, पण बंद कोणी करत नाही. देवीला बंद करणार कोण?

मंडळाचा सचिव मुरारी गणपतीला आला तेव्हा आईला, सोनाबाईंना, म्हणाला, "तुझा फोन लागतच नाय. करून करून थकलो." सोनाबाईंनी ते मनाला लावून घेतले आणि नवी बॅटरी घालायला एसटीने महाड गाठले. डेपोजवळच्या दुकानदाराला बॅटरी ठणठणीत आढळली. फोन मात्र तव्यासारखा. त्याने त्यांना माडीवर समीक्षाकडे धाडले. वेबसाइट तिनेच बनवली होती.

"आजी, हे पान मागे असलं तरी ज्योत सेकंदाला साठ वेळा नव्याने काढली जाते."

"कोनासाठी गो?"

"कोणासाठीच नाही."

खरे तर पान नजरेआड गेले की ब्राउझर असली चित्रे आपणहून थांबवतो. पण मंडळाच्या ठरावात 'अखंड' होते. म्हणून समीक्षाने आरतीचा मुका, ऐकू न येणारा आवाज चालू ठेवून, पान अजून वापरात आहे असे भासवत ब्राउझरला गंडवले होते.

तिने मुरारीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "सर, पान मागे गेलं की ज्योत थांबवू का? बॅटरी वाचेल."

"अहो मॅडम, ठराव एकमताने पास झालाय! ज्योत विझली तर जबाबदारी कोण घेणार?"

"तुमच्या आईंचा फोन दुपारीच बंद पडतो."

"मग तिला सांगा, चार्ज करून ठेव. रविवारी चारला करतोच मी."

फोन ठेवल्यावर सोनाबाई म्हणाल्या, "आमच्या खऱ्या देवळात महिपत गुरव सांजचा दिवा लावतो. तासाभरात तेल सपतं, इझतो. देवीनं कवा तक्रार नाय केली."

समीक्षाने मुका आवाज काढून टाकला. आता पान मागे गेले की देवी थांबे, ज्योतही थांबे. हे कोणाच्याच लक्षात आले नाही. ज्योत थांबली का हे बघायला पान उघडावे लागे, आणि उघडले की ती तेवत असे. वाडीचे फोन संध्याकाळपर्यंत टिकू लागले. पुढच्या सभेत मंडळाने अखंडतेबद्दल समीक्षाच्या अभिनंदनाचा ठराव केला. सूचक, मुरारी.

रविवारी सोनाबाई तीनपासूनच पडवीत फोन मांडीवर घेऊन बसल्या. फोन गार होता. सहा वाजता बॅटरी एक्काहत्तर टक्के होती.

एकच फोन आला. रिचार्ज संपत आल्याचा.