बिनफोडणीचा बटाटा

ऑलिव्ह तेल कोल्हापुरात एकाच औषधांच्या दुकानात मिळालं, तेही कानात घालायची शेवटची बाटली. मी ती चुलीजवळ ठेवली तशी आक्का, माझी मोठी बहीण, म्हणाली, "पावण्याचा कान दुखतोय व्हय?"

"खायला आणलंय. त्यांच्या मुलखात खातात."

पाहुणे म्हणजे इटलीचे बार्तोलीसाहेब. महाराजांच्या संस्थानात रेशमाचे किडे पाळता येतील का हे बघायला आले होते, आणि जाण्याआधी एक मदतनीस निवडणार होते. मी नुकताच बी. एस्सी. झालो होतो आणि मला ती नोकरी हवी होती. डाकबंगल्यावरचा खानसामा त्यांना उकडलेले बटाटे कच्च्या अंड्याच्या गार सॉसमध्ये बुडवून देई. ऐन उन्हाळ्यात त्यानं साहेबांचं पोट बिघडलं. "माझी आई बटाट्याला नुसतं तेल आणि लिंबू लावते," ते कण्हत म्हणाले. मी तिथल्या तिथे त्यांना जेवायला बोलावलं.

कृती नीट विचारून घेतली. बटाटे सालीसकट उकडायचे आणि गरम असतानाच चिरून लिंबू-मीठ लावायचं. गरम फोड रस शोषते, गार फोड शोषत नाही. मी दोन्ही करून पाहिलं. मग कांदा, कोथिंबीर, आणि वाढताना वरून कच्चं तेल. "बाटलीला हात लावू नको," असं आक्काला बजावून मी साहेबांना टांग्यातून आणायला गेलो.

परत आलो तर दारातच हिंगाचा वास. बटाटे हळदीनं पिवळे झालेले, वर मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची. बाटली रिकामी.

"आक्का, तेवढंच तेल होतं गं!"

"लई धूर करतंय त्ये. कसलं त्याल म्हनायचं!"

साहेबांनी एक घास घेतला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. तांब्याभर पाणी पिऊन ते इंग्रजीत म्हणाले, "किडे घरोघरी बायकाच पाळणार. ओला पाला घालू नका, हे त्यांना तुम्ही सांगणार. आणि तुम्हाला एका बाईची पळी थांबवता येत नाही."

मी तांब्या पुन्हा भरून त्यांच्यापुढे ठेवला.

"तिनं असं का केलं?"

"सवय."

"विचारलंत?"

विचारलं नव्हतं. मी स्वयंपाकघराकडे वळून जवळजवळ ओरडलोच, "का केलंस हे?"

"बिनफोडणीचं कुठं करत्यात? सुतकाच्या घरात!" आक्काचा आवाज माझ्याहून चढा. "तुझं दाजी लढाईवर, बसऱ्याला. दोन म्हयनं झालं, खुशाली न्हाय. आन् माझ्या घरात पावण्याच्या ताटात बिनफोडणीचं वाढू?"

"अगं, मग आमटीला दिलीस की फोडणी! घरात चर्र झालंच की!"

"आमटीला दिली म्हून बटाट्याचं भागलं व्हय?"

मी कपाळाला हात लावला. साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. "उद्याच्या गाडीनं जातो," ते म्हणाले. "त्याआधी पुन्हा करा. तिचंही राहू दे, माझंही. जमलं तर नोकरी तुमची."

मी आक्कासमोर जाऊन बसलो. "फोडणी वाटीत काढ. ताटात ठेव, पण बटाट्याला लावू नको. चालेल?"

तिनं फळीवरून एक वाटी काढली. "आधी वाटी वाढायची. मग बटाटा."

"बरं."

"आन् पावण्यानं बोट तरी बुडवाय पायजे त्यात."

मी साहेबांना विचारलं. त्यांनी एक बोट वर करून मान डोलावली.

"झालं सगळं," मी म्हणालो, "आणि तेल? बाटली तर तू संपवलीस!"

"वराडतूस कशापायी? शेजारच्या चाँदबीच्या नातवाचा कान ठणकत हुता गेल्या आठवड्यात," रिकामी बाटली माझ्या हातात कोंबत आक्का म्हणाली. "जा, इचार जा. उरलं आसंल."