कुत्रा कुणाचा

आमच्या आणि शेजारच्या पॉलिनच्या वाडीच्या मध्ये मेंदीचं कुंपण आहे, आणि त्या कुंपणाला एक भोक आहे. चौदा वर्षं आमच्या काळ्याने ते भोक बुजू दिलं नाही. सकाळी माझ्याकडे दूधभाकर, रविवारी पॉलिन चर्चमधली मिस्सा आटपून आली की तिच्याकडे मटणाची हाडं. माझ्याकडे तो काळ्या, तिच्याकडे रॉकी. दोन्ही नावांना शेपूट सारखंच हलवायचा, लबाड!

कुत्रा कुणाचा, यावरून अख्ख्या वटार गावात आमच्याइतकं कुणी भांडलं नसेल. "माझ्या ओट्यावर झोपतो, म्हणजे माझाच," मी म्हणायची. "प्रेमा, झोपायला तुझ्याकडे आणि मटणाला माझ्याकडे! असा जावई असतो, कुत्रा नाही," ती म्हणायची. तिचा नवरा गॅब्रिएल पडवीत बसून खो खो हसायचा. त्याला जाऊन आता तीन वर्षं झाली.

या पावसाळ्यानंतर काळ्याचे मागचे पाय गेले. पडून पडून कमरेला जखमा झाल्या. मग जबड्यात गाठ आली आणि खाणंच सुटलं. पाणी पाजलं तरी कळवळून ओरडायचा. विरारची जनावरांची डॉक्टर, अश्लेषा, तीनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "काकू, औषधाने आता काही होणार नाही. इंजेक्शन देऊन त्याला सोडवू या. सोमवारी येऊ?"

मी हो म्हटलं. तोंडाने फटकळ असले तरी मी काही दगड नाही. घरात जाऊन खूप रडले. मग डोळे पुसून पॉलिनला सांगायला गेले.

ती तांदूळ निवडत होती. ऐकलं आणि सूप खाली आपटलं. "जीव देवाने दिला, देव नेईल. तू कोण गं मध्ये?"

"आणि तोवर त्याने तडफडायचं?"

"तडफडायचं. माणसं नाही तडफडत?"

माझं डोकंच फिरलं. "अगं बाई, तुझ्या देवालासुद्धा दया येईल! तुला नाही का येत?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पॉलिन भिंतीवरच्या गॅब्रिएलच्या फोटोकडे बघत राहिली.

"हा शेवटी काय म्हणायचा, ठाऊक आहे तुला?" तिने विचारलं.

मला कुठून ठाऊक? कॅन्सरने तो खाटेला खिळला होता, त्याचं कण्हणं कुंपणापलीकडे यायचं, एवढंच मला ठाऊक.

"रोज म्हणायचा, पॉलिन, बस झालं. काहीतरी दे आणि संपव. मी जपमाळ घेऊन उशाशी बसायची आणि नाही म्हणायची. महिनाभर, रोज नाही. आता कुत्र्याला हो म्हणू? मग त्याला नाही का म्हटलं, प्रेमा? सांग ना."

माणूस वेगळा, कुत्रा वेगळा, असं ओठांवर आलं होतं. पण गॅब्रिएलने निदान तोंडाने मागितलं होतं. काळ्याने काहीच मागितलं नव्हतं. त्याच्या वतीने मीच ठरवून मोकळी झाले होते. मी उठून घरी आले.

सोमवारी अश्लेषा आली. पॉलिनही आली, हातात जपमाळ. काळ्या ओट्यावर गोधडीत पडला होता. अश्लेषाने पिशवीतून कागद काढला.

"मालकाची सही लागते. तुमचा दोघींचा आहे ना? मग दोघी करा."

पॉलिनने पेन घेतलं. कागदाला टेकवलं, उचललं, परत टेकवलं; सही होईना, आणि पेन खालीही ठेववेना.

"दोघींचा कसला?" मी खेकसले आणि पेन हिसकावून घेतलं. "कुत्रा माझा. एकटीचा. हिचा काडीचा संबंध नाही. रविवारी दोन हाडं टाकली म्हणून कुणी मालकीण होत नाही!"

चौदा वर्षांत हे मी शंभरदा बोलले असेन, आणि शंभरही वेळा पॉलिनने माझी सालटी काढली होती. मी सही केली. तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"हो," पॉलिन हळूच म्हणाली. "हिचाच आहे."

मग ती खाली बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अश्लेषाने सुई टोचली. पॉलिन त्याच्या कानाशी वाकली. "जा रे रॉकी, माझ्या पोरा. गॅब्रिएल भेटला तर म्हणावं, मला माफ कर."

मी दुसऱ्या बाजूला बसून त्याचा पाय धरला होता. थोड्या वेळात तो शांत झाला. किती दिवसांनी त्याच्या तोंडावरचा तो ताण गेलेला मी पाहिला.

बरोबर केलं की चूक, मला अजून ठाऊक नाही. वर गेल्यावर माझ्या देवाने नाहीतर तिच्या देवाने विचारलंच, तर सांगेन, कागद बघ, सही माझी एकटीची आहे. पॉलिनला काही विचारू नकोस.