मधली सीट

कॅनडातल्या त्या लहानशा गावात महिन्याच्या पहिल्या शनिवारी फायर हॉलच्या, म्हणजे अग्निशमन केंद्राच्या, अंगणात गाड्यांची रांग लागायची, आणि गावातले चांगले दाढीमिशांचे बाप वर्ना थीसनसमोर गृहपाठ विसरलेल्या पोरांसारखे उभे राहायचे. लहान मुलांच्या कार सीट नीट बसवल्या आहेत की नाहीत ते ती फुकट तपासून द्यायची. वय एकसष्ट, गुडघे दुखरे, आवाज खणखणीत. अंगात नारिंगी जाकीट. गाडीचं दार उघडून ती आत डोकं घालायची, सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायची, आणि बोटभर जरी हलली तरी त्या बापाची शाळा घ्यायची.

"कुणी लावली ही?"

"माझ्या भावानं. मेकॅनिक आहे तो."

"मग त्यानं इंजिनात डोकं घालावं. कुणाच्या शब्दावर पोर बसवायचं नाही, कळलं? पट्टा अडकला की टक्क आवाज येतो. तो आपल्या कानानं ऐकायचा."

बोलणं तिखट, पण खोटं नव्हतं. बारा वर्षांत तिने गावातल्या निम्म्या पोरांच्या सीट हलवल्या होत्या, त्यामुळे लोक ऐकून घ्यायचे. तिची सून जनेलसुद्धा ऐकून घ्यायची. जनेल विनिपेगची, शहरात वाढलेली. तिला लोणची घालता येत नाहीत हे वर्नाने लग्नाच्या आठवड्यातच ताडलं होतं, आणि सहा वर्षं झाली तरी ते विसरायला ती तयार नव्हती.

एप्रिलमध्ये जनेल आणि वर्नाचा मुलगा केंडल यांचा धाकटा, लेवी, मोठ्या सीटमध्ये बसायच्या वयाचा झाला आणि प्रश्न उभा राहिला. गाडी लहान, मागे बाक एक, पोरं तीन. कुणीही सांगितलं असतं की व्हॅन घ्या. पण चालती गाडी टाकून दुसरी घेणं थीसनांच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नव्हतं. वर्ना मोजपट्टी घेऊन मुलाच्या अंगणात हजर झाली.

"मॉम, जमायचं नाही हे," केंडल म्हणाला.

"तुझ्या ओपा आजोबानं याहून लहान पिकअपमधून सहा डुकरं नेली होती."

"पण ती खाटकाकडे नेली होती, मॉम."

दोन तास ती खटपट चालली. डावीकडे तीन वर्षांच्या अ‍ॅडलिनची सीट, मधे लेवीची, पाठमोरी, आणि उजवीकडे पाच वर्षांच्या जूडाची. शेवटची आत शिरेचना. वर्ना गुडघा टेकवून, खांदा लावून, दात-ओठ खाऊन ढकलत होती. अखेर तिन्ही सीट एका ओळीत बसल्या. तिने एकेक धरून हलवली. तसूभर हलली नाही. "कोण म्हणतं जमत नाही?" म्हणत तिने फोन काढला आणि फोटो घेतला. फायर हॉलच्या प्रमुखाने, रोलंडने, तो मोठा करून हॉलमधल्या फळ्यावर लावला आणि खाली लिहिलं, "तीन सीट, एक बाक: वर्ना थीसन." पुढचे काही आठवडे वर्ना कॉफी घ्यायला मुद्दाम त्या फळ्यावरून जायची.

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी मुलगा, सून आणि नातवंडं दुपारच्या फास्पाला, म्हणजे रविवारच्या हलक्या फराळाला, आली होती. बन, चीज, लोणचं आणि वर्नाच्या हातचं रूबार्बचं प्लाट्झ, केकसारखं. जूडाने त्याचे चार तुकडे हाणले. सगळे निघाले आणि दहा मिनिटांत परत आले, कारण जूडाने ते चारही तुकडे सीटवर ओकून ठेवले होते. वर्नाने लेवीला कडेवर घेतलं. केंडलने नाक दाबून जूडाची सीट सोडवली आणि धुवायला गवतावर आणून ठेवली. मग पायाशी पडलेला मोजा उचलायला तो गाडीत वाकला आणि आधारासाठी त्याने मधल्या सीटवर हात टेकला.

सीट आडवी झाली. जूडाची सीट होती त्या रिकाम्या जागेत ती चक्क कलंडली.

"जनेल! ही लावलेलीच नाही!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे पट्टा मोकळा आहे! लेवीला आपण नुसतं ठेवून आणत होतो इथं, पिठाच्या पिशवीसारखं!"

गेल्याच शुक्रवारी जनेल तिन्ही पोरांना घेऊन विनिपेगला जाऊन आली होती, हायवेने.

"बुधवारी तू व्हॅक्यूम मारलास ना गाडीत?" केंडलने विचारलं.

वर्नाच्या मनात त्या क्षणी काहीतरी चुकचुकलं. पण तोंड मनापेक्षा चपळ.

"मी लावून दिली तेव्हा दगडासारखी होती," ती म्हणाली. "मी स्वतः हलवून बघितली होती."

यातला शब्द न् शब्द खरा होता. तिथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण ती पुढे म्हणाली, "फोनवर बोलत काम केलं की असं होतं, जनेल."

जनेलने वाद घातला नाही. गाडीच्या दाराला धरून ती म्हणाली, "माझ्याच हातून झालं असणार. क्रंब्स काढताना पट्ट्याचं ते लाल बटण दाबलं गेलं असेल. देवा, शुक्रवारी मी गाणी म्हणत चालवत होते." मग तिने गाडीची किल्ली केंडलच्या हातात दिली.

ती तिने परत घेतली नाही. त्या आठवड्यात केंडल डुकरांच्या फार्मवरची पाळी बदलून पोरांना नेत-आणत होता. जनेल लेवीला बाबागाडीत घालून दुकानापर्यंत चालत जाताना लोकांना दिसली. बुधवारी तिने वर्नाला फोन केला.

"मॉम, शनिवारी मी हॉलवर येते. मला पहिल्यापासून शिकवा. सगळ्यांसमोर शिकवलंत तरी चालेल."

"ये की," वर्ना उदारपणे म्हणाली. "शिकलं म्हणजे येतं सगळं."

शनिवारी वर्ना लवकर पोचली. कॉफीचा कप घेऊन सवयीने फळ्यासमोर उभी राहिली. फोटोकडे नेहमीसारखी कौतुकाने बघत असताना तिला मधल्या सीटच्या कडेला काहीतरी चकाकताना दिसलं. तिने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

पट्ट्याचं धातूचं टोक होतं ते. जे खाचेत टक्क करून अडकायला हवं, ते बाहेर लोंबत होतं आणि एप्रिलच्या उन्हात चमकत होतं.

तिला सगळं आठवलं. जूडाच्या पट्ट्याची खाच मधल्या सीटखाली दडली होती. तिथे हात पोचावा म्हणून तिने मधल्या सीटचा पट्टा सोडला होता, क्षणभरासाठी. मग जूडाची सीट आत गेली, केंडल ओरडला, "बसली!", आणि ती फोन शोधायला लागली. पट्टा परत लावलाच नाही. आणि हलवून बघितली तेव्हा ती हलणार कशी होती? चर्चच्या गच्च भरलेल्या बाकावर मधला माणूस पेंगला तरी पडत नाही, शेजारचेच त्याला धरून ठेवतात. दोन्ही बाजूंच्या सीटनी मधलीला चेपून धरलं होतं, एवढंच. वाकून खाली बघितलं असतं तर दिसलं असतं. पण गुडघे दुखत होते, आणि बारा वर्षं झाल्यावर वाकून बघतंय कोण?

सात आठवडे लेवी तसाच हिंडला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

लाज वाटली म्हणणं कमी पडेल. तिला आपलं नारिंगी जाकीट अंगावर नकोसं झालं, कुणीतरी उघडं पाडल्यासारखं वाटलं. आणि अशा वेळी शहाणं माणूस जे करणार नाही ते तिने केलं. आजूबाजूला बघितलं, चार टाचण्या काढल्या, फोटोची घडी घातली आणि खिशात कोंबली.

"का गं, काढलास फोटो?" मागून रोलंडने विचारलं.

"जुना झाला."

"दोन महिन्यांत?"

"ऊन लागून रंग उडालाय," ती म्हणाली. फळ्यावर ऊन येतच नव्हतं.

दहा वाजता रांग लागली. चौथी गाडी केंडलची. मोठी दोघं शेजारणीकडे ठेवलेली, केंडल स्टिअरिंगवर, आणि जनेल पुढच्या सीटवरून मागे वळून लेवीच्या सीटला एक हात लावून बसलेली. ती उतरली तेव्हा तिच्या हातात चक्क वही होती. पुढच्या गाडीतल्या बाईने विचारलं, "तुझ्या तर घरातच वर्ना आहे, तू कशाला रांगेत?"

"माझ्या हातून बाळाची सीट मोकळी राहिली होती," जनेल म्हणाली. आवाज बारीक, पण लपवाछपवी नाही. "म्हणून शिकायला आले."

त्या बाईने लगेच आपल्या नवऱ्याकडे बघितलं. असं बघणं वर्ना ओळखत होती. बारा वर्षं तीच तसं बघत आली होती.

"हं, मॉम. सांगा." जनेलने वही उघडली. "आधी काय करायचं?"

"आधी," वर्ना म्हणाली, "आधी सीट धरून..."

जनेलने लिहिलं: हलवून बघणे. आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्या दोन रेघा वर्नाला सोसवेनात. शिव्या दिल्या असत्या पोरीने तर बरं वाटलं असतं. तिने खिशात हात घातला. फोटो बाहेर काढायला लागलेला वेळ तिला बारा वर्षांएवढा वाटला. हे एकदा दाखवलं की पुढच्या शनिवारी कोण आपलं ऐकून घेणार, हेही तिच्या मनात येऊन गेलं. तरी तिने घडी उलगडली.

"खोड ते," ती म्हणाली. "आणि हे बघ. इथं, बोटाशी."

जनेलने बघितलं. तिला कळायला वेळ लागला. मग कळलं.

"तू काही केलं नव्हतंस," वर्ना म्हणाली. हळू बोलायचा तिचा विचार होता, पण तिच्या आवाजाला ती सवयच नव्हती. अख्ख्या रांगेने ऐकलं. "व्हॅक्यूमनं काही झालं नाही. पट्टा मीच सोडला आणि मीच लावायला विसरले. आणि आळ तुझ्यावर घातला. आत्ता सकाळी कळल्यावरसुद्धा मी फोटो खिशात लपवला."

रांगेतले बाप आपापल्या बुटांकडे बघत होते. रोलंडने उगाच कॉफी ढवळली. केंडलने गाडीतून उतरून जनेलकडे बघितलं आणि मागच्या दारातून लेवीला काढून कडेवर घेतलं.

"सहा दिवस, मॉम," जनेल म्हणाली. "सहा दिवस मी लेवीला उचललं की आधी त्याची माफी मागत होते."

वर्नाला डोळे वर करवेनात. "माफ कर" हे शब्द तिने म्हटले. ते पुरेसे नव्हते, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं.

जनेलने वही गाडीच्या टपावर ठेवली. जूडाची आणि अ‍ॅडलिनची सीट सोडवून खाली उतरवली, मग लेवीची मोकळी केली आणि स्वतः आत शिरली. पट्टा ओवला, सीटवर भार देऊन तो ओढला, खाचेत घातला. टक्क झालेलं शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू गेलं. मग एकटी उभी असलेली ती मधली सीट तिने दोन्ही हातांनी धरून हलवली. हलली नाही.

वर्नाने गाडीचं दार धरलं आणि दुखऱ्या गुडघ्यांवर डांबरावर बसली. सीटखाली डोकं घालून तिने खाच बघितली, टोक बघितलं, बोट घालून पट्टा ओढून बघितला.

"बरोबर आहे," ती खालूनच म्हणाली. "अगदी बरोबर लावलीस."

जनेलने मान हलवली. लेवीला केंडलच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं, पण सीटमध्ये बसवलं नाही. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाकडे बघून तिने हाक मारली.

"रोलंड, तुम्ही जरा येऊन एकदा बघता का?"

वर्ना दाराला धरून उठली आणि त्याला जागा करून देण्यासाठी बाजूला झाली. कुणाच्या शब्दावर पोर बसवायचं नाही, हे तिनेच शिकवलेलं होतं.